शिडी धरणाऱ्यास

किसुमू
८ मे २०११

तीर्थरूप ओगुटूकाका,

अचोलाचा नमस्कार. काकूंनाही सांगा. मी बरी आहे, दोन्ही वेळा जेवते, एक रविवार सोडून चर्चला जाते. हे शेवटचं काकूंना सांगू नका.

पत्र बघून तुम्ही म्हणाल, फोन असताना ह्या पोरीला कागद कशाला लागला. काका, तुम्हाला फोन केला की तुम्ही "हं" म्हणता, थोड्या वेळाने पुन्हा "हं" म्हणता आणि फोन काकूंच्या हातात देता. मग काकू कोंबड्यांपासून सुरुवात करतात आणि माझे पैसे संपतात. पत्राला "हं" म्हणून सुटता येत नाही, शेवटपर्यंत वाचावंच लागतं. चष्मा लावा आणि स्वतः वाचा. तुमच्या ओम्बेवाला वाचून दाखवायला सांगू नका, तुमचा लेक मधलं मधलं गाळतो.

काम चांगलं चाललंय. टेकडीकडच्या रस्त्याला एका शाळेचा जेवणाचा हॉल बांधताहेत, त्याच्या छपराच्या कैच्या, म्हणजे पत्र्यांखालचे लाकडी त्रिकोण, आमच्या टोळीकडे आहेत. मुकादम पहिल्या दिवशी मला म्हणाला, "चूल त्या कोपऱ्यात आहे, पाणी नळावरून आण." मी म्हटलं, "बरं झालं सांगितलंत, भूक लागली की येईन. आधी लाकूड कुठे उतरवलंय ते दाखवा." माणसं हसली, तोही हसला. आता चहा कोण करतं विचाराल, तर ज्याला तहान लागते तो. बाबांची करवत अजून चालते. मूठ मी बदलली, पातं तेच आहे. टोळीतले सगळे ती मागतात आणि मी कुणाला देत नाही.

पाऊस इकडे रोज दुपारी येतो, तुमच्याकडेही येत असेलच. परवा आईला फोन केला तर मागे पत्र्याचा आवाज एवढा की तिचं बोलणं ऐकू येईना. मी म्हटलं, "आई, आत जा." ती म्हणाली, "आतच बसलेय गं." आणि दोघी उगीच हसत बसलो. माझ्या जन्मापासून पहिल्यांदा त्या घरात पावसाळ्यात गाडगी मांडलेली नाहीत. बिछाना जिथे टाकावा तिथे टाकता येतो, हे सुख ज्यांचं घर कधी गळलं नाही त्यांना काय कळणार.

तुमचा खोकला कसा आहे? काकू म्हणाल्या थोडा आहे. थोडा म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

खरं म्हणजे हे पत्र आभार मानायला घेतलंय. आईच्या घरावर पत्रे चढले त्या दिवशी मी तुम्हाला काहीच बोलले नाही, खाली उतरले, हात धुतले आणि गाडी पकडून निघून आले. लोकांना वाटलं, शहराची हवा लागली. तसं नव्हतं. तोंड उघडलं असतं तर रडले असते, आणि गावाला रीतीभाती शिकवणारे न्यांदिगा आजोबा समोर खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्यासमोर मी रडणार नाही.

आभार मानायचे तर पहिल्यापासून मानते.

व्हाउचरची सभा आठवते ना? चर्चच्या मैदानात, आंब्याखाली. सरकारच्या बाई आल्या होत्या, टाचेच्या बुटांनी चिखलात अडखळत. त्यांनी तो हिरवट कागद वर धरून दाखवला. म्हणाल्या, "हे पैसे नाहीत. हे दुकानात चालणार नाही, नवऱ्याला देता येणार नाही, भावाच्या मोटरसायकलला उपयोगी पडणार नाही. हे फक्त तंत्रशाळेत चालेल. शाळा तुम्ही निवडा, धंदा तुम्ही निवडा, फी सरकार परस्पर भरेल." मागून कुणीतरी विचारलं, "बाई, ह्यावर गाय घेता येईल का?" बाई म्हणाल्या, "गाय शाळेत जाणार असेल तर येईल." तेव्हापासून लोक त्यांचं ऐकायला लागले.

मग त्या म्हणाल्या, ज्या मुलांना वडील नाहीत त्यांना व्हाउचर सरळ मिळेल, बाकीच्यांच्या चिठ्ठ्या टाकू. माझी पाळी आली. त्याही आपल्यातल्याच, नाव ऐकल्याबरोबर लेखनिकाला म्हणाल्या, "अचोला म्हणजे वडील गेल्यावर जन्मलेली. विचारायला नको, अनाथांत घाला." मला तर पंख फुटले. पुढच्या क्षणी पुरुषांच्या बाजूने खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि तुम्ही उभे राहिलात.

"कोण म्हणतं हिला बाप नाही?"

बाई दचकल्या. "तुम्ही हिचे वडील?"

"मग कोण? माझा भाऊ गेला. मी उभा आहे की जिवंत. माझी पोर अनाथ नाही."

आणि सगळ्या मैदानाने मान डोलावली. आपल्यात भाऊ जिवंत असताना त्याच्या भावाच्या लेकराला बिनबापाचं म्हणणं म्हणजे त्या माणसाच्या थोबाडीत मारणं. एकालाही वाटलं नाही की गप्प बसावं, पोरीचं भलं होतंय. तुमच्याशी वर्षानुवर्षं एक शब्द न बोललेली माझी आई, ती जमिनीकडे बघत राहिली, पण "नाही" म्हणाली नाही. बाईंनी नाव खोडलं, माझी चिठ्ठी डब्यात पडली, आणि डब्यातून काही ती त्या वर्षी बाहेर आली नाही.

ते वर्ष मी तळ्याकाठी ओमेना वाळत घातली. एवढीएवढीशी ती मासळी, पसरायची, उलटायची, कावळे हाकलायचे. प्रत्येक कावळ्याला मी तुमचं नाव घेऊन शिवी दिली. काका, त्या शिव्या मी परत घेत नाही, त्या वेळी त्या बरोबरच होत्या. मी आईला म्हणायचे, "बाप म्हणून उभं राहायला बरा पुढे येतो, आणि बाप म्हणून घराचं छप्पर शाकारायला?" आई म्हणायची, "मासळीकडे बघ."

पुढच्या वर्षी माझी चिठ्ठी निघाली. देव विसरत नाही, उशीर करतो एवढंच. तंत्रशाळेत नाव घालायला गेलो तेव्हा सगळ्या मुली शिवणकामाच्या आणि केशरचनेच्या रांगेत. मीही शिवणाच्याच रांगेत होते. नंतर सगळ्यांना सांगत फिरले की सुताराला जास्त मिळतं म्हणून मी रांग बदलली. बाईंनी भिंतीवर तसा कागद लावला होताच. पण खरं सांगते, त्या सकाळी मी घरातून निघाले तेव्हा आई काठीला चिंध्या बांधून आतून छपराच्या गवतात खुपसत होती, आणि ओघळ तिच्या कोपरावरून बाहीत जात होता. रांगेत उभं राहून मला तो कोपर दिसत राहिला. शिवण शिकून मी तिला काय देणार, नवी बाही? तेव्हा निघाले आणि पोरांच्या रांगेत जाऊन उभी राहिले. कुणीतरी म्हणालं, "ताई, ही रांग चुकली." मी म्हटलं, "तुझी चुकली असेल, बघून घे."

व्हाउचरने फी भरली, पण हत्यारं ज्याची त्याने आणायची होती. हे बाईंनी सभेत सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि आम्ही गाईवर हसत असू. करवत, रंधा, पटाशी, गुण्या, ओळंबा. दुसऱ्या दिवशी ओम्बेवा सायकलवर पोतं घेऊन आला. म्हणाला, "दारात ठेव म्हणून सांगितलंय, आत जाऊ नको म्हणून सांगितलंय." उघडलं तर बाबांची हत्यारं. होड्या करायचे ना ते, तीच. मेलेल्याचं हत्यार भावाकडे जातं ही रीत, म्हणून ती तुमच्याकडे होती, ते ठीक. पण काका, तुम्ही कधी लाकडाला हात लावला नाही, तुम्ही बैलासारखे शेतात राबणारे. तरी पात्यावर गंजाचा ठिपका नव्हता. इतकी वर्षं कोण तेल लावत होतं, हे मी तेव्हा विचारलं नाही, आता विचारत नाही, कळलंय मला.

शाळेतही मजाच होती. सरकारकडून पैसे उशिरा आले की मोठ्या सरांचं तोंड फिरायचं. "व्हाउचरवाले बाहेर," म्हणायचे. आम्ही बाहेर. सुतारकामाचे वेकेसा सर, बुंगोमाकडचे, ते बरं म्हणायचे, आणि आपलं कामाचं मेज चौघांकडून उचलवून झाडाखाली आणायचे. म्हणायचे, "वर्ग जिथे मी उभा तिथे." मग फी भरलेली पोरंही बाहेर यायची, कारण शिकवणारा बाहेर. सरकारचेही आभार मानायचे आहेत मला, पण सरकारचा पत्ता कुठे आहे? वेकेसा सरांना मात्र पहिल्या पगाराची कोंबडी नेऊन दिली.

आता छपराचा दिवस.

कैच्या मी शाळेच्या अंगणातच जमिनीवर करून घेतल्या होत्या, ट्रॅक्टरवर टाकून आणल्या. बरोबर माझा वर्गमित्र बरासा आणि अजून एक जण. जुनं गवत ओढून काढलं. आतून घडवंची उभी करून मी स्वतः कैच्या भिंतीवर बसवल्या. न्यांदिगा आजोबा लगेच आले, "बाईमाणूस घराच्या वर?" मी म्हटलं, "आजोबा, छप्परच नाही तर छपरावर चढणं कसलं? मी घरात उभी आहे, फक्त जरा उंच." त्यांनी घरून खुर्ची मागवली, म्हणजे मला कळलं की सोडणार नाहीत.

पत्रे आले तेव्हा गाडी अडली. पत्रा वरूनच ठोकावा लागतो. बरासा शिडीला हात लावतो तोच आई दारात आली. म्हणाली, "तू खाली राहा, बाळा." बरासाला काही समजेना, तो बुंगोमाकडचा, आपल्या रीती त्याला कुठून ठाऊक. मी सांगितलं, विधवेच्या छपरावर जो पुरुष खिळा मारतो तो त्या घराचा धनी ठरतो. तो घाबरून चार पावलं मागे गेला. "मावशी, माझं लग्न झालंय," म्हणाला. "आणि माझी बायको सुतारणीपेक्षा भारी आहे." सगळे हसले, आईसुद्धा. पण पत्रे जमिनीवरच.

पुरुष चढला तर, बाबा गेल्यावर रीतीप्रमाणे तुम्हाला धनी करून घ्यायला आईने म्हटलेलं आणि वीस वर्षं धरून ठेवलेलं "नाही" मोडतं. बाई चढली तर घराचा कर्ता पुरुष मरतो. आणि ढग तर तळ्यावरून वर येत होते. मी, सरकारी शिक्का बसलेली सुतारीण, हातोडा कमरेला लावून शिडीजवळ उभी, आणि पाय उचलेना. माझा ह्यावर विश्वास नाही असं मी शहरात सगळ्यांना सांगते. तिथे उभी होते तेव्हा मला तेवढं खात्रीने सांगता आलं नसतं, कारण आमच्या घराला कर्ता पुरुष म्हणून जो काही होता तो एकच, आणि तो कुंपणापलीकडे होता.

तेव्हा तुम्ही कुंपणाच्या फटीतून आत आलात. मी जन्मल्यापासून त्या अंगणात तुमचं पाऊल पाहिलं नव्हतं. आईकडे बघितलं नाहीत, माझ्याकडे बघितलं नाहीत. शिडी दोन्ही हातांनी धरलीत आणि म्हणालात, "चढ."

न्यांदिगा आजोबा खुर्चीवरून उठले. "ओगुटू, हे कुणाच्या डोक्यावर येईल, ठाऊक आहे ना तुला?"

"माझ्याच. म्हणून तर मी धरतोय. तुम्ही बसा."

मी चढले. पहिल्या पत्र्यातला एक खिळा वाकडा गेलाय, आई अजून दाखवते. शिडीपाशी आपण दोघंच होतो, मी वर आणि तुम्ही खाली, तेव्हा तुम्ही पत्र्याशी बोलावं तसं हळूच बोललात. "तुझ्या आईने नाही म्हटलं तेव्हा मी बरं म्हटलं. मग मी चढलो असतो तर तिचं नाही पुसून गेलं असतं. लोक म्हणाले, ओगुटूचं काळीज दगडाचं. म्हणू दे. गवताचे भारे मी कुंपणाला टेकवून ठेवत होतो दर वर्षी. लावणार कोण, हे मलाही सुचत नव्हतं." एवढं लांब तुम्ही आयुष्यात बोलला नसाल.

काका, मला वाटायचं आमच्या घरात पाणी येतं ते तुमच्या रागामुळे. ते तुमच्या शब्दामुळे येत होतं. आभार मानायचे म्हणजे हे मानायचे होते.

आता खोकल्याचं. इतकं लिहिलं ते ह्याला टाळायलाच लिहिलं, तुम्ही ओळखलंच असेल.

ओम्बेवाने मला फोन केला होता. त्याला रागावू नका. तो म्हणाला, बाबांचा सदरा आता खुंटीवर आणि अंगावर सारखाच लोंबतो. म्हणाला, घाम येतो, मक्याची उगाली समोर ठेवली की ताट सरकवतात, थुंकीत रक्त दिसलं एकदा. म्हणाला, न्यांदिगा आजोबा आणि मंडळी येऊन बसली होती, त्यांचं म्हणणं हा दोष आहे, पोरीने रीत मोडली त्याचा, पत्रे उतरवले आणि विधी केला तरच माणूस वाचेल. तुम्ही त्यांना सांगितलंत, "छपराला हात लावाल तर बघा." शाबास. पण मग ओम्बेवा म्हणाला, दवाखान्यात चला, तर त्यालाही तसंच झिडकारलंत.

मी खूप विचार केला, तुम्ही दवाखान्यात का जात नाही. तुम्ही भित्रे नाही. मग कळलं. दवाखान्यात गेलात म्हणजे तुम्ही आजारी आहात हे गावाला मान्य झालं, आणि तुम्ही आजारी म्हणजे मी दोषी. म्हणून तुम्ही कुंपणाजवळ उभे राहून खोकला दाबताय. काका, मला वाचवायला तुम्ही मरायला निघालात, आणि तुम्ही मेलात तर मला जन्मभर कोण वाचवणार? ह्याचा हिशेब तुम्ही केला नाहीत.

मी भ्यालेय. हे फोनवर सांगता आलं नसतं. दिवसभर लोकांना सांगते की हे सगळं थोतांड आहे, आणि हातोडा उचलला की मला तुमचा सदरा दिसतो.

आईला मी काही सांगितलं नव्हतं, तिला काकूंकडून कळलं. तिने काय केलं माहीत आहे? टाकून दिलेली गाडगी शोधून आणली, घासली आणि दारात पालथी मांडून ठेवली. मला म्हणाली, "ओम्बेवाच्या वडिलांना कळव. पत्रे उतरवून त्यांचा जीव वाचणार असेल तर आज उतरवा. मला गळक्या घराची सवय आहे." बघा, तुमच्याशी बोलत नाही ती, पण निरोप एवढा मोठा.

तर ऐका. दोन वाटा आहेत. तुम्ही ओम्बेवाच्या मागे बसून जिल्ह्याच्या दवाखान्यात जा आणि छाती तपासून घ्या. नाहीतर मी येते, त्याच शिडीवर चढते आणि एकेक खिळा माझ्या हाताने उपटते, सगळ्या गावासमोर. मला दोषाचं खरंखोटं करायचं नाही. छप्पर मी पुन्हा घालीन, ते मला येतं, त्याचा दाखला आहे माझ्याकडे. माणूस पुन्हा कसा उभा करायचा हे कुठल्या व्हाउचरवर शिकवत नाहीत.

शनिवारपर्यंत वाट बघते. "हं" चालणार नाही.

आपली पुतणी,
अचोला


किसुमू
२४ जुलै २०११

तीर्थरूप ओगुटूकाका,

नमस्कार. तुम्हाला पत्र लिहिता येतं हे मला माहीत नव्हतं. चार ओळी लिहिल्यात, त्यातली एक हवामानाची. तरी मी ते टोळीत सगळ्यांना वाचून दाखवलं.

क्षय निघाला, औषधं फुकट आहेत, सहा महिने घ्यायची आहेत, भूक परत आलीय, हे ओम्बेवाकडून सविस्तर कळलं होतंच. बरं वाटायला लागलं म्हणून गोळ्या बंद करू नका, नर्सबाईंनी सांगितलंय ना. काकूंना मी सांगून ठेवलंय, आधी गोळी मग उगाली. न्यांदिगा आजोबा म्हणे आता सांगत फिरतात की दोष होताच, पण सरकारच्या गोळ्या दोषापेक्षा जबर निघाल्या. राहू दे. म्हाताऱ्या माणसाला हरायला पण जागा लागते. त्यांच्याही कोठीचं छप्पर गळतं असं ऐकते, बोलावलं तर जाईन.

आई त्या घासलेल्या गाडग्यांत आता भाजी लावते आहे. तुमच्याकडे पहिला सुकुमा तिनेच पाठवला ना? काकू म्हणाल्या, स्वतः कुंपणाच्या फटीपर्यंत आली आणि "ओम्बेवाच्या वडिलांना द्या" म्हणाली, आणि तुम्ही ओट्यावरून मोठ्याने "बरं" म्हणालात. एवढ्या वर्षांनी तुम्ही दोघं बोललात ते भाजीवर.

आता तुमच्या चौथ्या ओळीबद्दल. "माझ्याही घराचं गवत कुजलंय, हत्यारं घेऊन ये." ती मी किती वेळा वाचली हे सांगत नाही. तुम्ही त्या घरात राहता, जिवंत आहात, नुकते मरणाच्या दारातून आलात, सगळं गाव तुमच्याकडे डोळे लावून बसलंय, आणि तुम्ही मला तुमच्या डोक्यावरच्या छपरावर चढायला बोलावता. न्यांदिगा आजोबांना सांगितलंत का? खुर्ची आणायला वेळ लागतो त्यांना, आधी सांगा.

येते. ऑगस्टच्या मध्यावर इथलं काम उरकतं. लाकूड आत्ताच घेऊ नका, ओम्बेवाला लाकडातलं काही कळत नाही, मी आल्यावर बघून घेऊ. शिडी तुम्ही धरायची नाही. डॉक्टरांनी जड काम नको म्हटलंय आणि मी काही हलकी नाही. शिडी आई धरणार आहे. मी विचारलं नाही, तिनेच सांगितलं.

एक अडचण आहे, ती तुम्हीच सोडवा. तुमच्या घराच्या शेंड्यावर ती काठी आहे, घरधनी जिवंत असल्याची. आमच्या घरावरची काढली तेव्हा मी आईच्या पोटात होते, मी ती कधी बघितली नाही. तुमची मला उतरवावी लागेल आणि पत्र्याच्या आढ्यावर पुन्हा उभी करावी लागेल. भोक पाडलं तर तिथून पाणी येईल, म्हणून मी लोखंडी पट्टीत बसवायचं ठरवलंय, खाली डांबर. पण ती काठी पुरुषाने लावायची असते. वेकेसा सरांना विचारलं, ते म्हणाले, ज्याची काठी त्याला विचार. तुम्हाला फोनवर विचारलं, तर तुम्ही "हं" म्हणालात. त्याचा अर्थ मी "तूच लाव" असा घेतलाय. चुकीचा असेल तर लगेच कळवा, नाहीतर मी लावणार. अशी घट्ट बसवीन की मी म्हातारी झाले तरी कुणाला हलवता येणार नाही.

अजून एक सांगायचं होतं. परवा इथे सुतारांच्या नोंदणीला गेले होते. खिडकीतल्या माणसाने नाव ऐकलं, वर बघितलं आणि म्हणाला, "अचोला? म्हणजे वडील नाहीत." आणि लिहायला लागला. मी म्हटलं, "थांबा. आहेत. क्षयाच्या गोळ्या खातात आणि कुणाचं ऐकत नाहीत." त्याने लिहिलेलं खोडलं.

गोळी घ्या, बाबा.

तुमची मुलगी,
अचोला